पाव तांग्याची खाण

२०२३ च्या नोव्हेंबरात गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या नानोड्याला एका शेतकऱ्याला तांब्याची ८३२ नाणी सापडली आणि इकडे डिचोलीत माझी झोप उडाली. नाणी सोळाव्या-सतराव्या शतकातली असावीत, असं पेपरात आलं होतं. ती सरकारच्या हवाली झाली, हेही आलं होतं. पण तिथवर मी वाचलंच नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमची बागायत उभी राहिली होती. बागायत म्हणजे काजूची तीन झाडं आणि एक फणस, तोही शेजाऱ्यांच्या हद्दीत झुकलेला.

महिन्याभरात मेटल डिटेक्टर घरी आला. किंमत बायकोला निम्मी सांगितली. तिनं ती मनातल्या मनात दुप्पट केली, म्हणजे अगदी बरोबर केली.

आईची शंका वेगळीच. "राखणदाराला विचारलंस?"

राखणदार म्हणजे जागा राखणारं दैवत. आमच्याकडे जमिनीचा कागद कोणाच्याही नावावर असो, ताबा त्याचा. तेव्हा नारळ, विडा आणि एक विडी फणसाच्या मुळाशी ठेवली. सकाळी बघतो तर विडी गायब. राखणदारानं मान्य केलं, असं आई म्हणाली. नारळ काढायला येणारा पाडेली त्या दिवशी बराच खुशीत होता, एवढंच इथं नोंदवून ठेवतो.

यंत्र तसं साधं. काठीच्या टोकाला जेवणाच्या ताटलीएवढी चकती. तिच्यातल्या तारांतून वीज उलटसुलट धावते, तिचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. खाली धातू असला की त्याच्या अंगातही वीज खेळू लागते आणि ती चाहूल चकतीतलंच दुसरं वेटोळं टिपतं. मग 'टूँ' होतं आणि पडद्यावर आकडा येतो. लोखंडाचा आकडा खालचा, तांब्या-चांदीचा वरचा. झालं, एवढंच. यात माती आड येईल, हे कुणाच्या लक्षात येणार?

आमची माती लाल, आणि लाल कशानं, तर लोखंडानं. या तालुक्यानं वर्षानुवर्षं बार्जी भरभरून लोहखनिज मांडवी नदीतून बाहेर पाठवलं. अंगणाचा गडगा जांभ्या चिऱ्याचा, विहीर चिऱ्याची, आणि चिऱ्यातही तेच. अशा ठिकाणी मी बटण दाबलं. यंत्र जे केकाटायला लागलं, ते थांबेचना. शेजारचा कुत्रा त्याला साथ देऊ लागला. माहितीपुस्तकात उपाय होता, 'ग्राउंड बॅलन्स' करा. म्हणजे चकती जमिनीजवळ सारखी वरखाली करायची, मातीचा आवाज यंत्राच्या अंगवळणी पडेपर्यंत. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ रिकाम्या उखळात पोहे कांडतोय.

तिसऱ्या दिवशी यंत्र शांत झालं आणि खरी खणाखणी सुरू झाली. आमच्या बागायतीला एवढी वर्षं मी सोज्वळ समजत होतो. वीतभर मातीखाली बाटल्यांची बुचं निघाली ती संपेनात. आमच्या घरात कुणी पीत नव्हतं, हे बायकोला पटवण्यात एक रविवार गेला. त्यानंतर शीतपेयाच्या डब्यांच्या, ओढून उघडायच्या चाव्या. ही चावी सगळ्यात लबाड. सोन्याच्या बारीक अंगठीचा आणि हिचा आकडा जवळपास सारखाच येतो, त्यामुळे 'असेल चावी' म्हणून सोडताही येत नाही. दर वेळी गुडघे टेकायचे, दर वेळी चावी.

एकदा यंत्र मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावरही नेलं. ओल्या खाऱ्या वाळूतूनही वीज वाहते. यंत्रानं अख्ख्या समुद्रालाच धातू ठरवलं. परत आणलं.

एव्हाना गावात बातमी पसरली होती. शेजारच्या वहिनींची कानातली कुडी हरवली, बोलवा यांना. डांबराखाली गेलेला पाण्याचा व्हॉल्व्ह सापडत नाही, बोलवा. एका काकांनी तर गुडघ्यात घातलेली पट्टी जागेवर आहे का, हेही तपासून घेतलं. होती. चहा मिळाला.

स्वप्नं माझी मोठी होती. गोव्याच्या जुन्या कदंब राजांचं सिंहाचं सोन्याचं नाणं मिळावं. तो सिंह मला आजवर फक्त सरकारी कदंब बसवर भेटलाय. निदान १८८१ सालची पोर्तुगीज रुपिया तरी, ११.६६ ग्रॅम, अस्सल चांदी. आणि एका संध्याकाळी फणसापाशी आकडा एकदम वर गेला. कुदळ टाकून मी हातानं माती उकरली. बोटांना गोल कड लागली. काळपट हिरवं नाणं, एका बाजूला मिशाळ चेहरा, खाली साल १९०१. पाव तांगा! हा तांगा घोड्याचा नव्हे. पोर्तुगीज अमलात सोळा तांग्यांची एक रुपिया होई. म्हणजे मला रुपयाचा चौसष्टावा हिस्सा गवसला होता. मिशा पोर्तुगालचे राजे पहिले कार्लुश यांच्या. पुढे १९०८ मध्ये लिस्बनला भर रस्त्यात त्यांना गोळ्या घालून मारलं. गोव्याच्या मातीत मात्र ते सव्वाशे वर्षं निवांत पडून होते.

फोंड्याच्या एका नाणेसंग्राहकांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न, "धुतलं नाही ना?"

"छे!" म्हणत मी पडवीतून आत वळलो. आई मोरीपाशी बसली होती. पुढ्यात आमसुलांचं पाणी, हातात काथ्या. नाणं समईसारखं लखलखत होतं. मिशा गेल्या होत्या.

"केवढी घाण होती रे," आई म्हणाली.

तो हिरवा-काळा थर म्हणजेच नाण्याची कातडी, संग्राहक पैसे मोजतो ते तिचेच, हे मी आईला समजावलं नाही. काही गोष्टी राखणदारालाही जमत नाहीत. फोंड्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "अंगच्या रूपात असतं तर तीनशेपर्यंत गेलं असतं. आता पाच रुपये, तेही तुमच्या आईसाहेबांच्या कष्टांचे."

रात्री वकील मामेभावाचा फोन. त्याला कुठून कळलं कोण जाणे. आवाज अगदी कोर्टातला. "१८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा माहीत आहे? जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. तुझ्या नाण्याची किंमत किती?"

"सकाळी तीनशे होती. आता पाच."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"मग सुटलास," तो म्हणाला. "आत्याला फोन दे, मला तिच्या पाया पडायचंय."