खासदारांचा पगार बंद करून काय साधणार?

खासदारांच्या पगाराचा तो फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. मजकूर साधारण असा: खासदारांना आयकर नाही, संसदेच्या कॅन्टीनमध्ये कवडीमोल दरात जेवण, एक दिवस खासदार राहिलं तरी जन्मभर पेन्शन. सबब पगारच बंद करा, सेवा करायला आलेत तर फुकट करू द्या.

आयकराचं तर धडधडीत खोटं आहे. खासदाराच्या पगारावर कर लागतो. त्याला कुणी नोकरीवर ठेवणारा मालक नाही, म्हणून हा पगार ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ या शीर्षाखाली धरतात, इतकाच फरक. दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्ता यांना सूट आहे, तीही जुनी कररचना निवडली तर. कॅन्टीनचं अनुदान 2021 च्या जानेवारीतच बंद झालं, पण फॉरवर्डातलं दरपत्रक काही मरत नाही.

पेन्शनचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो असा हसण्यावारी जाऊ नये. पूर्वी किमान मुदतीची अट होती. 2004 मध्ये ती काढून टाकली. आता कितीही काळ सदस्य राहिलेल्याला महिना 31,000 रुपये मिळतात आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षामागे 2,500 ची भर पडते. माजी आमदार असेल तर ते पेन्शन वेगळं. याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये फेटाळली, म्हणजे बदल करायचा तर कायद्यातूनच. तो करता येतो. पंजाबात प्रत्येक टर्मगणिक आमदारांचं पेन्शन वाढत जायचं. 2022 मध्ये कायदा बदलून ते एकाच टर्मच्या पेन्शनवर आणलं.

राहिलं फुकट सेवेचं. ऐकायला हे फार सात्त्विक वाटतं. ब्रिटनमध्ये 1911 पर्यंत खासदारांना पगार नव्हता, आणि सभागृहात बसायचे ते मुख्यतः जमीनदार, कारखानदार, वकील. खासदारांना मानधन द्या ही मागणी 1838 च्या ‘पीपल्स चार्टर’ या सनदेत केली ती तिथल्या कामगारांनी, कारण खासदार झाल्यावर घर कोण चालवणार हा प्रश्न त्यांना होता, जमीनदाराला नव्हता. आपल्याकडे पगार बंद झाला तर करोडपती उमेदवाराचं काय बिघडणार? अडेल ती शिक्षिका, तो शेतमजुरांचा कार्यकर्ता. किंवा अडणारही नाहीत. त्यांचा खर्च दुसरा कुणीतरी उचलेल आणि पुढे वसूल करेल.

फॉरवर्डात नसलेली गोष्ट खरी दुखरी आहे: हे आकडे ठरवतं कोण? राज्यघटनेच्या कलम 106 नुसार संसदच. 2010 मध्ये पगार महिना 16,000 होता, तेव्हा खासदारांच्या समितीने शिफारस केली 80,001 रुपयांची. केंद्र सरकारच्या सचिवाचा पगार 80,000, म्हणून त्यापेक्षा एक रुपया जास्त! शेवटी 50,000 वर तोडगा निघाला. 2018 मध्ये तो एक लाख झाला आणि दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकानुसार वाढवायचं ठरलं. त्याच हिशेबाने मार्च 2025 मध्ये 1,24,000 ची अधिसूचना निघाली, लागू मात्र एप्रिल 2023 पासून. दरवेळचा तमाशा टळला हे बरं झालं, तरी मूळ आकडा स्वतःच स्वतःला दिलेला. ब्रिटनने खासदारांच्या खर्चाच्या घोटाळ्यानंतर 2009 मध्ये स्वतंत्र प्राधिकरण नेमलं आणि पगार ठरवण्याचं कामही पुढे त्याच्याकडेच गेलं. अमेरिकेत 1992 च्या घटनादुरुस्तीनुसार पगारातला बदल पुढची निवडणूक झाल्यावरच लागू होतो.

आणि रागवायचंच असेल तर हजेरीच्या पद्धतीवर रागवा. अधिवेशनात दिवसाचे 2,500 रुपये मिळतात ते हजेरी लावली की. हजेरी लावून माणूस दहा मिनिटांत बाहेर पडला, सभागृह गोंधळात दिवसभरासाठी तहकूब झालं, तरी भत्ता पक्का. नुसत्या हजेरीऐवजी बसलेल्या तासांवर भत्ता द्या, एवढी मागणी दहा ग्रुपांवर पाठवायला हरकत नाही.