तापलेल्या गिअरबॉक्सची नाडीपरीक्षा

परवा नाशिकमधल्या अंबडच्या एका गॅरेजात, आपल्या स्कूटरचे ब्रेक दाखवायला आलेल्या एका काकांनी माझ्या पिकअपच्या बॉनेटवर तळहात टेकवला, डोळे मिटले आणि तिथे उभ्या असलेल्या सात-आठ जणांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘ताप आहे’ असे जाहीर केले. गेले आठ दिवस मी आकड्यांसह नेमके हेच सांगत फिरत होतो आणि माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते. काकांच्या तळहातावर मात्र सगळ्यांनी तत्काळ विश्वास ठेवला.

सुरुवात सप्तशृंगी गडाच्या वाटेवर झाली. नांदुरीपासून वर जाणारा घाट चढताना, गाडीतले बिघाड तपासण्याच्या सॉकेटला जोडलेल्या छोट्या डबीने माझ्या फोनवर गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान 230 असे दाखवले. ‘अहो, भजी तळायला 180 पुरतात,’ असे सौभाग्यवती म्हणाल्या आणि मागच्या बाकावरच्या मावशींनी गाडी पेट घेईल या धास्तीने देवीचा धावा सुरू केला. वळणावर गाडी उभी करून मी शोध घेतला तेव्हा कळले की तो आकडा फॅरनहाइटमध्ये होता, म्हणजे आपले 110. मावशी थांबल्या, पण माझी काळजी थांबली नाही, कारण हे तेल 80 ते 95 अंशांत सुखी असते आणि त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा ढोबळ हिशेब आहे. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलाच्या घुसळणीतून चाकांकडे जाते. चढ जास्त आणि वेग कमी असला की या घुसळणीतून लोण्याऐवजी उष्णताच निघते. तरीही इंजिनाचे पाणी 90 अंशांवर स्वस्थ असताना शेजारच्या गिअरबॉक्सने एवढे का तापावे, हा प्रश्न उरत होता.

तो घेऊन मी रीतसर, वातानुकूलित प्रतीक्षागृह असलेल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने ‘सर, गाडी चालते म्हणून तापते,’ असा निष्कर्ष काढून स्कॅनिंगचे पैसे घेतले. तेल बदलू का, असे विचारल्यावर ते ‘लाइफटाइम’ असल्याचे त्याने सांगितले. लाइफ कोणाचे, तेलाचे, गाडीचे की वॉरंटीचे, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. चिडण्याजोगी गोष्ट खरे तर निराळीच आहे. या गाडीच्या डॅशबोर्डवर बाहेरच्या हवेचे तापमान दिसते, रात्री पायांपाशी निळा उजेड पडतो, फोनवर कोणाचे गाणे वाजते आहे तेही कळते. आणि ज्या भागाच्या दुरुस्तीत लाखाची चर्चा होते, त्या गिअरबॉक्सचे तापमान सांगणारा काटा देण्याची गरज मात्र कोणाला वाटलेली नाही. दिवा आहे म्हणतात, पण तो लागेपर्यंत सांगण्यासारखे फारसे शिल्लक राहत नसावे.

म्हणून अंबड, आणि म्हणून काका.

मिस्त्रींनी खणातून 2020 साली गिऱ्हाइकांच्या कपाळावर रोखलेली तापमापकाची बंदूक काढून गिअरबॉक्सवर धरली. माणसाचा ताप मोजण्यापुरतीच तिची बुद्धी असल्यामुळे तिच्या पडद्यावर इंग्रजीत ‘हाय’ एवढीच अक्षरे उमटली. काकांनी वाकून ती वाचली आणि म्हणाले, ‘बघा, बिचारी हाय म्हणते आहे.’

मिस्त्रींच्या मते आधी तेलाची पातळी पाहायला हवी होती. पातळी कमी असली तर पंप हवा ओढतो, जास्त असली तर तेल फेसाळते, आणि दोन्ही प्रकारांत ते तापते. मात्र या गाडीला तेल मोजण्याची पट्टी नाही. तेल सुमारे 40 अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून, खालचा बोल्ट उघडायचा आणि बारीक धार येते का ते बघायचे. मार्चच्या उन्हात तेल तेवढे निवायला तीन तास लागले आणि ते तीनही तास मला काकांच्या शेजारच्या स्टुलावर काढावे लागले.

‘ऑटोमॅटिक ना?’ काकांनी विचारले. मी हो म्हणालो. ‘मग तापणारच. ज्याला हाताने काही करायचं नसतं, त्याला आतून त्रास होतो,’ असे म्हणताना त्यांची नजर गाडीवरून माझ्या पोटावर आली आणि तिथेच थोडा वेळ राहिली. काका नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झाले होते. हा छापखाना 1928 पासून चालू आहे. तो काकांनीच चालू केला असावा, असे त्यांच्या बोलण्यावरून वाटे. ‘ही गाडी तुम्ही ज्या नोटा मोजून घेतलीत, त्यांतल्या काही माझ्या डोळ्यांखालून गेल्या असतील,’ असे त्यांनी मोठ्या आपुलकीने सांगितले. गाडी कर्जावर घेतली असून हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो, नोट दिसतसुद्धा नाही, असे मी म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘म्हणूनच तापते.’

महामार्गावर 80 च्या स्थिर वेगात ॲक्सिलरेटर किंचित दाबला असता इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा उडी मारत नाही, म्हणजे तेलाची घुसळण टाळून इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडणारा कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच धरतो आहे, हा माझा घरचा अभ्यास मी त्यांना ऐकवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. ‘नाक पाहिलंत का?’ त्यांनी विचारले. ‘कोणाचं?’ ‘गाडीचं. आमच्या नातवाला ताप आला की आम्ही आधी नाक बघतो. चोंदलेलं असतं.’ मी हसलो. ते हसू आता मला परत घेता आले तर फार बरे होईल.

पातळी बरोबर निघाली. तेल लाल होते, जळका वास नव्हता. मग मिस्त्रींनी चक्कर मारून गाडी पुन्हा तापवून आणली, शेजारच्या गॅरेजातून कारखान्यात वापरतात तशी खरी बंदूक मागवली आणि पुढच्या जाळीमागे असलेल्या गिअर तेलाच्या छोट्या कूलरच्या दोन्ही नळ्यांवर धरली. आत जाणारी नळी 96, बाहेर येणारी 95. तेल अडले असते तर बाहेरची नळी गार लागली असती. ते व्यवस्थित फिरत होते, फक्त त्याची उष्णता घ्यायला हवाच पोचत नव्हती. टॉर्चच्या उजेडात पाहिले तर कूलरच्या पात्यांत वाळलेली द्राक्षपाने, गवत आणि चिखल यांचा थर बसलेला. दिंडोरीच्या मळ्यातून कॅरेट आणताना वेलींच्या ओळींमधून गाडी थेट आत घालायची माझी सवय या कामी आली होती. रेडिएटर मोकळाच होता, म्हणून इंजिन बोलले नाही.

‘नाक,’ काका म्हणाले.

मिस्त्रींच्या पोऱ्याने पाइपच्या सौम्य धारेने आतून बाहेर अशी पाती धुतली. बिल 300 रुपये झाले. स्कूटरचे ब्रेक शू मिळायला उशीर होता, त्यामुळे काकांना नाशिकरोडला सोडण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. द्वारका चौकाच्या कोंडीत आम्ही 25 मिनिटे रांगलो आणि ती संपूर्ण 25 मिनिटे काका माझा फोन हातात धरून लिलावात बोली पुकारावी तसे ‘एक्क्याण्णव... ब्याण्णव... ब्याण्णवच’ असे पुकारत राहिले. घरापाशी उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर पुन्हा तळहात ठेवला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या काकूंना सांगितले, ‘यांची गाडी आजारी होती. मी बरी करून आणली.’

काकूंनी माझ्याकडे पाहिले आणि यांचे बोलणे मनावर घेऊ नका, अशा स्वरात विचारले, ‘चहा घेणार?’