चार कौलांसाठी विमा कोण काढतो?

गुहागरच्या काका, प्रतिक्रिया झणझणीत आहे. तुमचं म्हणणं असं, की घराच्या विम्यावरचा माझा लेख म्हणजे एजंटाची जाहिरात. वादळात उडालेली चार कौलं आपण बसवतोच, मोठं काही झालं तर पंचनामा होऊन सरकारी मदत मिळते, आणि माड पडले तर विमावाले काय देणार?

चार कौलांचं पटलं. त्यासाठी क्लेम करूच नका, कागद जमवेपर्यंत पावसाळा सरेल. सरकारी मदतीचा आकडा मात्र बघा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर राज्याने पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० वरून दीड लाख केली. आज दीड लाखात चिऱ्याचं जोतं तरी पुरं होईल का?

विमा कोणालाही सक्तीचा नाही. कर्ज असेल तर बँक मागते, एवढंच. एप्रिल २०२१ पासून विकली जाणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित, म्हणजे सगळ्या कंपन्यांची सारखीच, पॉलिसी आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड सगळं तिच्यात येतं. विम्याची रक्कम ठरवताना जागेची किंमत धरत नाहीत, फक्त घर पुन्हा बांधायचा खर्च. हजार चौरस फूट, फुटाला दोन हजारांचा बांधकामाचा दर, म्हणजे वीस लाख. घरातल्या सामानाला त्या रकमेच्या वीस टक्के, इथे चार लाख, विमा आपोआप (कमाल मर्यादा दहा लाख). एवढ्या घराचा वर्षाचा हप्ता साधारण हजार-दोन हजारांच्या आसपास बसतो. वाळवी आणि वर्षानुवर्षांची ओल मात्र कोणी भरून देत नाही. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं चालतात. झापांची किंवा ताडपत्रीची पडवी कच्चं बांधकाम ठरते.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर, सहहिस्सेदार मुंबईत, आणि घर गणपती-शिमगा सोडून बंद! पॉलिसी एकाच भावाने स्वतःच्या नावावर काढली तर क्लेमच्या वेळी मालकीचा प्रश्न निघतो. वारसनोंद आधी करा, सगळ्यांची नावं घाला. घर महिनोन्‌महिने बंद असतं हे अर्जातच लिहा आणि त्याबद्दलची अट एजंटाच्या तोंडून ऐकू नका, पॉलिसीत स्वतः वाचा.

माडा-पोफळींबद्दल तुमची शंका रास्त आहे. घराच्या पॉलिसीत बाग येत नाही.