कललेला ताळेबंद

काल संध्याकाळी पावणेसहा वाजता दादरच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरींनी आपल्याच संस्थेचा ताळेबंद दोन बोटांत धरून डोळ्यांसमोर नेला, मान डावीकडे कलती केली आणि अत्यंत सौम्य आवाजात मला विचारले, "अहो, आमची इमारत पागडीच्या काळातली आहे, पुनर्विकासाला निघाली आहे, पण तीसुद्धा इतकी कललेली नाही. हा कशाला टेकून उभा आहे?"

त्या ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळत होत्या. सिंकिंग फंडावरचे व्याज, थकबाकीदारांची यादी, लिफ्टवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम, सगळे जागच्या जागी होते. तीन आठवडे मी त्यासाठी डोके फोडले आणि या गृहस्थांना दिसले काय, तर चौकटीची रेघ! बरे, ती मलाही दिसत होती, हेच खरे दुखणे होते. नुसता मजकूर तिरका छापला गेला तर निम्म्या लोकांच्या ते लक्षातही येत नाही. पण ताळेबंदाला चौफेर चौकट असते आणि चौकट चहाडी केल्याशिवाय राहत नाही. ते गेल्यावर मी फूटपट्टी लावली. डावी रेघ वरच्या टोकाला कागदाच्या कडेपासून १२ मिलिमीटरवर होती आणि खालच्या टोकाला १७ वर, म्हणजे जेमतेम एका अंशाचा कल. सभासद चौसष्ट, प्रत्येकाला अकरा पाने, एकूण ७०४ पाने आणि सगळीच्या सगळी एका अंशाने मद्यपी. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असल्यामुळे प्रती दुसऱ्या दिवशी सकाळी वाटायला निघणार होत्या.

मी कार्यालयात मोठ्याने एवढेच म्हणालो की मशीन तिरके छापते आहे. त्यासरशी तीन टेबलांवरून एकच मंत्र उमटला, "बंद करून परत चालू करा." हे वाक्य उच्चारणाऱ्या माणसाला ते मशीन स्वतः वापरण्यास आजन्म बंदी करावी, असे माझे जुने मत आहे. कागद अडकला की स्क्रीनवरचा लाल दिवा तसाच ठेवून मांजराच्या पावलांनी जागेवर जाऊन बसणारे हेच लोक. मूळ पाने वरून एकेक करून आत ओढणाऱ्या फीडरमध्ये पिन न काढता कागद घालणारेही हेच. आणि ज्या महाभागाने हे मशीन खिडकीशेजारी, एसीचे पाणी ठिबकते नेमक्या त्या जागी ठेवले, त्याची तर गेल्या वर्षी बढती झाली.

फीडर निर्दोष निघाला, कारण मूळ पान काचेवर पट्टीला टेकवून ठेवले तरी प्रत तिरकीच येत होती. संगणकावरून थेट काढलेले पानही तिरके. मग पहिल्या ट्रेमधल्या लेटरहेडवर एक पान काढले, तर ते ओळंब्यात! म्हणजे गुन्हेगार दुसऱ्या ट्रेमध्ये होता. देखभाल कराराच्या इंजिनियरला फोन केला. तो ट्रेनमध्ये होता. तो कायम ट्रेनमध्येच असतो. मी त्याला फोन करतो तेव्हा पश्चिम रेल्वे त्याच्यासाठीच एक खास गाडी सोडत असावी. जुलैमध्ये तो आला तेव्हा त्याने रोलर ओल्या फडक्याने पुसले, कागद कानाशी नेऊन फडफडवला आणि "सर, कागद ओला आहे" असा निकाल देऊन सही घेऊन गेला. त्यात तथ्य नव्हते असे नाही. मुंबईच्या पावसाळ्यात फोडलेले रीम चार दिवस उघडे राहिले की कडा लाटांसारख्या होतात, आणि असा कागद आत सरळ कसा शिरणार? आतला रोलर क्षणभर थांबून कागदाची पुढची कड स्वतःला टेकू देतो, ती सरळ झाली की मगच फिरतो. पण त्याच्यापर्यंत कागद फारच वाकडा पोहोचला तर तो बिचारा तरी किती सावरणार! पण म्हणून प्रत्येक रोगाचे कारण ओला कागद?

मी तावातावाने दुसरा ट्रे बाहेर ओढला. आत कोरडा ठणठणीत, नवा कागद होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पट्ट्या मात्र कागदापासून फटकून उभ्या होत्या आणि गठ्ठा बोटाने ढकलला की इकडून तिकडे सरकत होता. ट्रेच्या तळाशी कोरलेल्या खुणेवर पट्टी 'लीगल'वर होती. लीगल कागद २१६ मिलिमीटर रुंद, ए-फोर २१० चा. त्या सहा मिलिमीटरांच्या मोकळिकीत माझा ताळेबंद झिंगत होता. गेल्या गुरुवारी या ट्रेमध्ये कोणी तरी लीगल कागद घातला होता, नंतर ए-फोर भरताना स्क्रीनवर आकार तेवढा बदलला होता आणि पट्ट्यांना हातही लावला नव्हता. गुरुवारी करारनामा छापणारा तो गाढव कोण, हे विचारण्यासाठी मी तोंड उघडले आणि तसेच मिटले, कारण करारनामा माझाच होता.

पट्ट्या कागदाला भिडवल्या आणि पाने सरळ येऊ लागली. चाळीस पाने झाली आणि टोनर संपला. नवे काडतूस कपाटात असते, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते ६.१२ ची लोकल पकडतात, आणि तेव्हा साडेसहा वाजले होते.

रागाच्या भरात हाताला लागली ती अकरा पाने उचलून मी फोर्टच्या गल्लीतल्या, जिन्याखालच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याच्या मशीनचे झाकण रबरबँडने बांधलेले आहे. त्याने पहिले पान हातात घेतले, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, ओरिजिनलच तिरकं आहे. सरळ करून देऊ?" सरळ आलेली चाळीस पाने वर टेबलावर ठेवून मी तिरकी उचलून आणली होती. त्याने फूटपट्टी लावली नाही की डोके खाजवले नाही. काचेवरचे पान अंगठ्याने केसभर फिरवले आणि झाकण लावले. चौकट काटकोनात आली.

पेटी कॅशच्या व्हाउचरवर बाहेरून प्रती काढण्याचे कारण लिहायला अर्धा इंच जागा असते. मी लिहिले, "कागद ओला."