थंड भाडं, गरम भाडं

गोव्यातल्या आमच्या माशेलच्या घरात अकरा खोल्या आहेत आणि बाराही महिने राहणारी माणसं चार. तीन खोल्यांना कुलपं, ती गणेश चवथीला चुलते आले की उघडतात, एकीत नुसते नारळ, आणि एकीत पणजोबांचा पलंग जो कुठल्याच दारातून बाहेर निघत नाही म्हणून ती खोलीच त्याच्या नावावर केल्यासारखी आहे. अशा घराच्या सोप्यावर बसून मी अख्खा ऑगस्ट म्युनिकमध्ये दहा स्क्वेअर मीटरची एक खोली शोधत होते.

आजी येताजाता विचारायची, "मेळ्ळी गो कूड?" आजीच्या भाषेत खोली म्हणजे कूड, आणि मुंबईत धोबीतलावाला गोंयकारांच्या ज्या कुडी होत्या, म्हणजे बोटीवर नोकरी लागेपर्यंत गावचा माणूस ट्रंक ठेवून स्वस्तात राहायचा ते क्लब, त्यांनाही कूडच म्हणतात. म्युनिकला एक माशेलची कूड कुणी काढली असती तर काय बिघडलं असतं?

बजेट साधं होतं. जर्मन व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायचे, मग तिथे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ आपल्याच हातावर ठेवतात, पॉकेटमनीसारखे. त्यातून म्युनिकची खोली सातशे-आठशे. उरलेल्यात मी खायचं, प्यायचं, विमा भरायचा आणि थंडीचं जॅकेट घ्यायचं. विद्यार्थ्यांची सरकारी हॉस्टेलं स्वस्त असतात, पण तिथली वेटिंग लिस्ट म्हणजे कित्येक सेमिस्टर, तोवर माझी डिग्री झालेली असेल.

शिवाय तिथे भाडी दोन. काल्टमीटे म्हणजे थंड भाडं, नुसत्या खोलीचं, आणि वार्ममीटे म्हणजे गरम, हीटिंग आणि बाकी खर्च धरून. हे मी जेवताना समजावून सांगितलं तर आजी ठामपणे म्हणाली, थंड भाडं घेऊ नको, तुला सर्दी होते. पुढे मी सांगितलं की बऱ्याच घरांना किचनच नसतं, आधीचा भाडेकरू जाताना ओटा, सिंक, कपाटं सगळं सोडवून घेऊन जातो, तेव्हा मात्र आजीने घास खाली ठेवला. "रांदन घेऊन गेला?" तिला तीन दिवस हे पटलं नाही. आमच्याकडे वाटण्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण चूल कुणी नेली नव्हती.

एक खोली मिळालीच होती खरं तर. सेंट्रल, बाल्कनी, साडेतीनशे युरो गरम. मालक म्हणाला मी लंडनला असतो, पैसे पाठवा, चावी कुरियरने येईल. जगातल्या कुठल्याही माणसाला इथे वास आला असता, पण बाबांना नाही आला, कारण आमच्या गोव्यात अर्ध्या घरांचे मालक लंडनला किंवा लिस्बनलाच असतात आणि चावी शेजारणीकडे! बाबांचं एकच म्हणणं, शेजारीण कोण ते विचार. मी विचारलं. त्यानंतर त्या गृहस्थाचा मेसेज आला नाही, बाबांच्या शेजारणीमुळे पैसे वाचले.

मग वेगे. म्हणजे चार-पाच पोरांनी मिळून घेतलेला फ्लॅट. नाव वेगे, पण वेग काही नाही, सत्तर मेल केले तेव्हा एकाचं उत्तर आलं, की आम्ही व्हिडिओ कॉलवर कास्टिंग करतो. कास्टिंग हा त्यांचाच शब्द. कॉल नेमका चवथीच्या दुसऱ्या दिवशी, रात्री, आणि मागे सोप्यावर माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळाफुलांची बांधतात तिच्याखाली, सगळे चुलते घुमट घेऊन आरतीला बसलेले. पलीकडचे तिघेही एकदम खूश, हे कसलं वाद्य, किती छान, तू वाजवतेस का. मी पण उत्साहात आले आणि सगळं सांगत सुटले, मातीचं मडकं असतं, तोंडाला कातडं लावतात, पूर्वी घोरपडीचं असायचं, आता त्याला बंदी म्हणून बकऱ्याचं. पलीकडे सगळे गप्प. जाहिरातीत 'व्हीगन वेगे' असं लिहिलेलं होतं ते मी नंतर वाचलं.

ह्या सगळ्यात माझा मधला काका फार मन लावून ऐकायचा. त्याचा पणजीजवळ करंझाळ्याला वन बीएचके आहे, त्यात युनिव्हर्सिटीत समुद्रशास्त्र शिकणारा एक श्रीलंकेचा मुलगा राहायचा. मी तिकडच्या मालकांच्या नावाने खडे फोडायचे आणि काका मनात नोट्स घ्यायचा. तिथे डिपॉझिट तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंतच घेता येतं, कायद्याने त्यापेक्षा जास्त नाही, असं मी सांगितलं, त्यातलं काकाला फक्त 'तीन महिने' ऐकू आलं. वर त्याची रड, की परदेशी भाडेकरू ठेवला की चोवीस तासांत सरकारला कळवायचा ऑनलाइन फॉर्म मलाच भरावा लागतो. शेवटी चवथीच्या सुट्टीतच त्याने जाहीर केलं, ऑक्टोबरपासून सीझन, नोव्हेंबरात इफ्फी फिल्म फेस्टिव्हल, टुरिस्ट एका रात्रीचे जे देतो ते हा पोरगा आठवड्याचे देतो, तेव्हा सप्टेंबरअखेर खाली कर म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, काका, तो सेमिस्टरच्या मध्यात कुठे जाईल? काका म्हणाला, तुझ्यासारखं ऑनलाइन शोधेल.

बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी तो मुलगा बॅग घेऊन आमच्या दारात. त्याचं कास्टिंग आजीने घेतलं, एकच प्रश्न, "नुस्तें खाता मू?" म्हणजे मासे खातोस ना. त्याला शब्द कळला नाही, पण आजीच्या हातात सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, वाटी होती, त्याने मान डोलावली. झालं. डिपॉझिट नाही, ॲग्रीमेंट नाही, तो सरकारी फॉर्म मीच बसून भरला. आणि खोली कुठली दिली, तर माझी, कारण तिला खिडकी आहे आणि नाहीतरी मी जाणारच आहे.

माझं विमान तीस तारखेला. तोवर मला नारळांच्या खोलीत हलवलंय. फर्निचर नाही, किचन नाही, दिवा एकच. शुद्ध काल्टमीटे.