खाणाऱ्या माणसांना घसरगुंड्या दाखवू नका

आज दुपारी मावशी-काकांना घेऊन जळगावात एका ट्रॅव्हल एजंटकडे गेले होते. घरी आले, चहा झाला, स्वयंपाक झाला, तरी डोकं शांत होईना. म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे.

मावशी-काका चोपडा तालुक्यातले. केळी आणि थोडी कपाशी. पोरं मार्गी लागली, दोघांचे पासपोर्ट हातात आले आणि जन्मात पहिल्यांदा दोघांनी स्वतःसाठी काहीतरी मागितलं. एकदा मोठ्या जहाजात बसायचं. त्यांच्या घरी जे जेवलेत त्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. हिवाळ्यात मळ्यात भरीत असलं की काका वांगी दुसऱ्या कुणाला भाजू देत नाहीत. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात ती जाडजूड हिरवी-पांढरी वांगी, आणि कुठलं कधी उलटायचं ते फक्त त्यांना कळतं. मावशीला खापरावरचे मांडे करायला लग्नकार्यात लांबून बोलावणं येतं. रात्री आडवं झाल्यावरसुद्धा हे दोघं उद्याच्या भाजीबद्दल बोलत असतात.

एजंटकडचा पोरगा वागायला चांगला होता. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, टॅबवर व्हिडिओ लावला. घसरगुंड्या, कॅसिनो, डीजे, गच्चीवरचा पोहण्याचा तलाव. काका सगळं शांतपणे बघत राहिले. व्हिडिओ संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "भाऊ, तठे खावाले काय भेटस?"

तो हसला. "जेवणाचं टेन्शन नका घेऊ काका. बुफे असतो, आपलं पनीर-बिनीर सगळं मिळतं. आणि एवढे पैसे घालून तुम्ही काय जेवायला चाललाय का?"

मावशीने पदर सावरला आणि ती गप्प बसली. त्यानंतर तिने एक शब्दही विचारला नाही. घरून निघताना तिच्याकडे चार-पाच प्रश्न तयार होते, मला माहीत आहे. बसमध्ये तिने मला ते म्हणून दाखवले होते.

हो, जेवायला चाललेत! जेवायलाच चाललेत. त्यात हसण्यासारखं काय आहे? कुणी डोंगर बघायला जातं, कुणी देवळं बघायला, कुणी नुसती खरेदी करायला जातं. त्यांना कुणी हसत नाही. माणूस खाण्यासाठी निघाला म्हटलं की लगेच तो हावरा ठरतो. आणि हे कुठे, तर जळगाव जिल्ह्यात, जिथल्या केळीला आणि भरीताच्या वांग्याला, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालंय. वांग्याचा अभिमान पेपरात छापायचा आणि खाणाऱ्याला दुकानात गप्प बसवायचं.

तुम्हाला कोचीची गोष्ट सांगते, म्हणजे मी कुणाबद्दल बोलतेय ते कळेल. एका टूर कंपनीबरोबर आम्ही केरळला गेलो होतो. कंपनीचे महाराज सोबत होते. म्हणजे कोचीत सकाळी पोहे, दुपारी वरण-भात आणि बटाट्याची भाजी. ज्यांना घरच्या चवीशिवाय घास उतरत नाही त्यांना महाराज हवा, ठीक आहे, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघायच्या वेळी मावशी-काका गायब. सगळे वैतागले. शोधत गेले तर मागच्या गल्लीत एका छोट्याशा खानावळीत काका बसलेले, पुढ्यात अप्पम आणि माशाचं कालवण. मावशी माळकरी. तिच्या पानात अप्पम आणि नारळाच्या दुधातला भाज्यांचा इश्टू, अर्धा खाऊन झालेला, आणि मावशी जागेवर नाही. ती आत होती, त्या खानावळीच्या बाईजवळ. त्या बाईला मराठी येत नाही, हिला मल्याळम येत नाही, हिंदी दोघींचीही मोडकी. पीठ किती वेळ आंबवायचं ते त्या बाईने बोटांवर मोजून सांगितलं आणि कढई कशी गोल फिरवायची ते हिचा हात धरून दाखवलं. आजही चोपड्याला त्यांच्याकडे अप्पम होतात आणि जाळीदार होतात.

अशा जोडप्याला क्रूझ निवडून द्यायची आहे. घसरगुंडी कुठून आली मध्येच?

मी गेले काही दिवस रात्री बसून वाचतेय, जाऊन आलेल्या लोकांना फोन करतेय, आणि माझं मत पक्कं झालंय. खाण्याची आवड असलेल्यांनी जहाज किती मोठं आहे ते शेवटी बघावं. आधी बघायचं की रात्रीचं जेवण कुठे आणि कसं मिळतं. बुफेत शेकडो लोकांसाठी एकदम शिजवलेलं अन्न गरम ठेवलेलं असतं. पोट भरतं, दुसरं काही होत नाही. पण बहुतेक मोठ्या जहाजांवर एक मुख्य डायनिंग रूम असते, तिचे पैसे तिकिटातच आलेले असतात, रोज मेनू बदलतो आणि ताट टेबलावर वाढून येतं. आपले कितीतरी लोक तिकडे फिरकतच नाहीत, कारण एजंटने सांगितलेलंच नसतं. महागडी खास रेस्टॉरंटं वेगळी, त्यांचे पैसे वेगळे. दारू बहुतेक ठिकाणी वेगळी. सेवाशुल्क माणशी, दररोज, शेवटच्या बिलात. हेही आधी सांगायला नको का?

आणि शाकाहाराचं. बुकिंगच्या वेळीच लिहून द्यायचं आणि पहिल्याच संध्याकाळी डायनिंग रूमच्या मुख्य माणसाला भेटायचं. रोज एकाच वेळेचं, एकाच टेबलावरचं जेवण घेतलं तर वाढणारा तोच राहतो, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला तुमची आवड कळलेली असते. जहाजांवर आपले लोक भरपूर कामाला असतात, गोव्याचे तर विशेष. मला तर आत्ताच दिसतंय, कोचीत जे झालं तेच तिथे होणार. तिसऱ्या दिवशी मावशी त्या मुलाला विचारणार की बाळा, तुझी आई डाळ कशी करते, आणि तो उभ्या-उभ्या सांगणार.

भरीत तिथे मिळणार नाही, कळण्याची भाकरी मिळणार नाही. आगीच्या भीतीने जहाजाच्या स्वयंपाकघरात उघडा जाळ ठेवत नाहीत, सगळं विजेवर शिजतं. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते जरा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, मग यांचं भट्टीतलं चांगलं असेल. बरोबर ओळखलं! पाव, केक, भाजलेले पदार्थ जहाजावर रोज ताजे होतात, रात्रभर भट्ट्या चालू असतात. ज्या माणसाला न बघता हे कळतं त्याला तुम्ही पनीर सांगता?

बंदराचं तर कुणी बोलतच नाही. यादीत रोम लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिविटावेकियाला. तिथून रोम 80 किलोमीटर. बँकॉक लिहिलेलं असतं, जहाज लागतं लाएम चाबांगला, शंभराहून जास्त किलोमीटरवर. आपल्या गोव्याचंच घ्या, जहाज मुरगावला लागतं, पणजी तिथून लांब. दिवसभराचा मुक्काम असला तरी त्यातला अर्धा वेळ बसमध्ये जाणार, आणि जहाज निघायच्या बऱ्याच आधी परत चढायचं. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतःच्या पायांनी गेलात आणि उशीर झाला तर थांबत नाही. म्हणजे खाणाऱ्या माणसाला असं बंदर हवं जिथे उतरलं की समोर गाव आहे. कोचीतली ती खानावळ चालत सापडली होती, टूरच्या बसने तिच्यासमोर थांबा घेतला नव्हता.

म्हणून माझं मत सिंगापूरहून निघणाऱ्या, मलेशियातल्या पेनांगला लागणाऱ्या तीन-चार रात्रींच्या सफरीला. पेनांगचं बंदर जॉर्ज टाउनला चिकटून आहे, उतरून थोडं चाललं की लिटल इंडिया. केळीच्या पानावरचं तमिळ जेवण मावशीसाठी, आणि काकांसाठी नासी कांदार म्हणजे मासे-मटणाच्या रश्श्यांबरोबरचा भात, नाहीतर चार क्वे तियाव म्हणजे परतलेल्या तांदळाच्या चपट्या शेवया, काय हवं ते. केळीच्या पानावर जेवण म्हटल्यावर काका म्हणाले, पान कुठल्या जातीचं असतं ते बघून येतो. मलाक्काच्या सामुद्रधुनीत समुद्रही बहुतेक वेळा शांत असतो, पहिल्यांदा जाणाऱ्याला ते बरं. आणि निघायच्या आधी दोन दिवस सिंगापुरातच राहायचं. तिथल्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे एका छपराखाली मांडलेल्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांमधल्या, खाद्यसंस्कृतीला युनेस्कोने 2020 साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. रस्त्यावर खाणाऱ्यांचा केवढा हा मान! व्हिसा मात्र एकापेक्षा जास्त वेळा आत येण्याचा आहे ना ते बघून घ्यायचं, कारण जहाज फिरून परत सिंगापूरलाच येतं.

पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, आधी मुंबई-गोवा करून बघा, दोन रात्री, कॉर्डेलिया कंपनीचं जहाज आहेच 2021 पासून, जेवण आपलंच मिळतं, जैनसुद्धा. खर्च कमी, पासपोर्टची भानगड नाही, रात्रीच्या गाडीने सकाळी सीएसएमटी आणि तिथून बॅलार्ड पियर जवळच. समुद्र लागतो की नाही ते कळेल, एवढं मान्य. पण ज्यांना दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते बघायचंय, त्यांना आपलंच जेवण समुद्रावर नेऊन कशाला वाढायचं? त्याला हे बोलले तर म्हणाला, ताई, तू उगाच भावनिक होतेस. होते मी भावनिक. ज्या बाईने तुझे डबे भरले तिच्याबद्दल बोलतेय मी.

आता एक सांगते, ते परवडणारं नाही, तरी सांगते. ओशेनिया नावाची एक कंपनी आहे. त्यांच्या मरीना जहाजावर, 2011 सालच्या, स्वयंपाकाची शाळाच आहे. प्रवासी स्वतः ओट्यापाशी उभे राहतात, प्रत्येकाला वेगळी शेगडी, आणि शेफ शिकवतो. खास रेस्टॉरंटांचे वेगळे पैसेही घेत नाहीत. भाडं मात्र ऐकूनच गप्प बसावं असं आहे. तरी आज संध्याकाळी मी मावशीला मोबाइलवर तो फोटो दाखवला. दुपारपासून गप्प असलेली मावशी. तिने चष्मा लावला, फोटो मोठा केला, पुन्हा मोठा केला, आणि म्हणाली, "ओटा उंच आहे गं. पण जमेल." मग तिचे सगळे प्रश्न बाहेर आले. तिथे तेल कुठलं वापरतात, उरलेल्या अन्नाचं काय करतात, स्वयंपाकी बाया असतात का, आत जाऊन बघू देतात का.

काही जहाजांवर स्वयंपाकघर दाखवायला नेतात, हे मी तिला सांगितलं. काहींवर पैसे घेतात त्याचे. ते पैसे मी भरणार आहे, तुम्ही मध्ये बोलू नका.

एजंटचा धंदा मला कळतो. रोज शंभर लोक येतात, बहुतेकांना घसरगुंडीच हवी असते, लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांना तर हवीच. पण समोर बसलेला माणूस काय विचारतोय ते ऐकायला किती वेळ लागतो? काकांनी एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर त्या पोराला माहीत नव्हतं, म्हणून तो हसला.

तर आता काम. ज्यांनी पेनांगला उतरून शाकाहारी खाल्लंय त्यांनी दुकानाचं नाव, गल्ली आणि सकाळी किती वाजता उघडतं एवढं कमेंटमध्ये टाका. सिंगापूरहून गेलेल्यांनी सांगा, डायनिंग रूममध्ये भारतीय शाकाहारी रोज मागावं लागलं की एकदा सांगून भागलं. नुसतं "खूप मजा आली" लिहू नका, काय खाल्लं ते लिहा. मावशीला वाचून दाखवायचंय.