‘इन्क्वायरीत सगळ्यांनी एकच जबाब द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने कामगारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातला एक माझा भाचा, नुकताच चाकणला कामाला लागलेला. मजकूर थोडक्यात असा : कंपनीत दोघांची वादावादी किंवा मारामारी झाली आणि इन्क्वायरीत, म्हणजे कंपनीच्या शिस्तभंगाच्या चौकशीत, तुम्हाला साक्षीला बोलावलं, तर ‘मी काही पाहिलं नाही’ म्हणायचं. जबाब द्यावाच लागला तर सगळ्यांनी आधी बसून एकच मजकूर ठरवायचा. एचआरने टाइप करून आणला असेल तर सही करून मोकळं व्हायचं, कारण इन्क्वायरी म्हणजे काही कोर्ट नव्हे, खोटं निघालं तरी काही होत नाही. आपल्या माणसाच्या फायद्याचं तेवढंच बोलायचं. आणि शेवटी जाड अक्षरात : खरं सांगणाऱ्यालाच कंपनी बाहेर काढते.

मी ३१ वर्षं भोसरीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या खात्यात, काढली. शेवटची बारा-तेरा वर्षं इन्क्वायरीत कामगारांचा प्रतिनिधी म्हणून बसलो, साक्षीदारांची उलटतपासणी घेतली. त्याच्या खूप आधी, नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, मी स्वतः एक खोटा जबाब दिला होता. म्हणून या मेसेजला उत्तर देणं मला माझं काम वाटतं. त्यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, त्याच्याकडे शेवटीच येतो. बाकीचे सगळे सल्ले चुकीचे आहेत.

‘इन्क्वायरी म्हणजे कोर्ट नव्हे’ यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सल्ले याच एका वाक्यावर उभे आहेत. वाक्य म्हणून ते बरोबर आहे. पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम कंपनीच्या चौकशीला लागू होत नाहीत. हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९७७ साली हे स्पष्ट केलं. पैसे घेऊन तिकीट दिलं नाही, असा आरोप होता. त्या प्रवाशांना चौकशीत कोणी आणलंच नव्हतं, तरी तपासणी पथकाच्या सांगण्यावर कारवाई टिकली. विश्वास ठेवण्याजोगं असेल तर ऐकीव सांगणंही चौकशीत चालू शकतं. फौजदारी खटल्यासारखं ‘निःसंशय सिद्ध’ व्हावं लागत नाही, जास्त शक्य काय वाटतं यावर निकाल लागतो.

आता याचा अर्थ काय होतो ते बघा. कोर्टात तुमचं खोटं वाक्य अडवायला चाळण्या पुष्कळ असतात. इथे त्या कमी आहेत. म्हणजे तुम्ही सहज लिहिलेला एक शब्द सरळ एखाद्याच्या नोकरीपर्यंत पोचतो. मेसेजवाला म्हणतो कोर्ट नाही म्हणून निर्धास्त राहा. मी म्हणतो कोर्ट नाही म्हणूनच दुप्पट जपून लिहा.

आणि ‘काही होत नाही’ हेही खरं नाही. चौकशी नीट झाली नव्हती असं कामगार न्यायालयाने ठरवलं, तर मालक तिथे नव्याने पुरावा देऊ शकतो. मग तुम्हाला तिथे बोलावतात, शपथेवर. चार-पाच वर्षांपूर्वीचा तुमचा जबाब समोरच्या वकिलाच्या हातात असतो आणि शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीत तर इतकंही थांबावं लागत नाही. २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समितीला साक्षीदाराला बोलावून शपथेवर तपासण्याचे अधिकार दिलेत, आणि साक्षीदाराने खोटी साक्ष दिली असं समितीचं मत झालं तर ती त्याच्यावर कारवाईची शिफारस करू शकते. त्याच कायद्यात हेही लिहिलंय की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून तक्रारदार बाईवर कारवाई करायची नाही. हे दुसरं वाक्य लोक सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता ‘सगळ्यांनी एकच मजकूर’. इथे माझीच गोष्ट सांगतो.

सेकंड शिफ्ट होती. प्रेस बंद होता, डाय म्हणजे साचा बदलायचं काम चालू होतं. मी डायचे बोल्ट आवळत होतो, तोंड प्रेसकडे. मागे आमचा सुपरवायझर आणि एक ऑपरेटर यांची बाचाबाची चालली होती. माल ठेवायचं पॅलेट पडल्याचा आवाज झाला म्हणून मी वळलो. सुपरवायझर जमिनीवर होता, मनगट धरून. ऑपरेटर दोन पावलांवर उभा. मी एवढंच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाच टाइप केलेले जबाब तयार होते, आम्हा पाच जणांचे. प्रत्येकात एक वाक्य होतं : ‘रागाच्या भरात ढकलून दिले.’ मी तेव्हा कायम झालेलो नव्हतो. सही केली. घरी जाताना मनाला समजावलं की सुपरवायझर पडला तर होताच, मग ढकललंच असणार.

इन्क्वायरीत कामगाराच्या प्रतिनिधीने पाचही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पाचही ठिकाणी ‘सुपरवाझर’ लिहिलेलं होतं, ‘य’ खाल्लेला. मग मला विचारलं, तुम्ही काय करत होता? बोल्ट आवळत होतो. तोंड कुठे होतं? प्रेसकडे. ‘मग ढकलताना पाहिलंत कसं?’ मी गप्प बसलो. कागदावर ‘साक्षीदार निरुत्तर’ असं उतरलं आणि त्याखाली मी सही केली. ती सही करताना हात जसा झाला होता तसा पुन्हा कधी झाला नाही.

पाचही जबाब बाद झाले. आरोप सिद्ध झाला नाही. लोक म्हणतील, चांगलं झालं, खोटं उघडं पडलं. पण सुपरवायझरचं मनगट खरंच मोडलं होतं. प्लास्टर घालून तो दीड महिना फिरला. आमच्या पाचांपैकी एक जण खरोखर समोर उभा होता, त्याने जे पाहिलं तेही त्या टाइप केलेल्या कागदाबरोबर वाहून गेलं. ऑपरेटर आठ महिने सस्पेंड राहिला. सस्पेन्शनमध्ये पहिले ९० दिवस अर्धाच पगार. त्याच्या घरी काय चाललं असेल ते मी नंतर कधी विचारू शकलो नाही. त्याने ढकललं की सुपरवायझरचा पाय पॅलेटला अडकला, मला आजही माहीत नाही. ते कळायचा रस्ता आम्हीच बुजवला.

तेव्हा एकसारखे जबाब म्हणजे भक्कम केस, असं कोणी सांगितलं तर मला ते पाच कागद आठवतात. खऱ्या साक्षीदारांचे जबाब कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एक जण दारापाशी असतो, एकाला कानाला कमी ऐकू येतं, एकाने फक्त शेवट पाहिलेला असतो. चौकशी अधिकारी जरा अनुभवी असला तर त्याला पढवलेला साक्षीदार दुसऱ्या प्रश्नाला ओळखू येतो.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. मुद्दाम खोटं बोलायचं नसलं तरी आधी एकत्र बसून चर्चा केली की आठवणच बदलते. २००३ साली ब्रिटनमध्ये एक प्रयोग झाला. जोडीतल्या दोघांना एकाच प्रसंगाचे दोन वेगळ्या बाजूंनी घेतलेले व्हिडिओ दाखवले, दोघांनाही वाटलं की एकच पाहिलाय. मग त्यांना आपसात बोलू दिलं. नंतर विचारलं, तर बोललेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी किमान एक अशी गोष्ट ‘पाहिली’ म्हणून सांगितली, जी त्यांच्या व्हिडिओत नव्हतीच, जोडीदाराने सांगितलेली होती. त्यांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. म्हणून मी पोरांना सांगत आलो की आधी लिहा, चहाला मग जा.

टाइप केलेल्या जबाबाबद्दल कायदाही बघा. आधी लिहून घेतलेला जबाब चौकशीत वापरता येतो, नाही असं नाही. पण साक्षीदाराने समोर येऊन तो आपला म्हणून मान्य करायला हवा आणि आरोप असलेल्या माणसाला त्याची प्रत आधी मिळून उलटतपासणीची संधी मिळायला हवी. १९६३ च्या केसोराम कॉटन मिल्सच्या निकालात सुप्रीम कोर्टाने ही प्रत निदान दोन दिवस आधी द्यावी, असं म्हटलंय. म्हणजे सही करून ‘मोकळं’ होताच येत नाही. त्या कागदामागे तुम्हाला उभं राहावंच लागतं. जबाब इंग्रजीत असेल आणि तुम्हाला तो वाचता येत नसेल, तर मराठीत लिहून मागा. नाहीच दिला तर ‘मला इंग्रजी वाचता येत नाही, मजकूर वाचून सांगितला’ किंवा ‘सांगितला नाही’, जे असेल ते सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा.

‘आपल्या माणसाच्या फायद्याचं तेवढंच बोला’ हा सल्ला सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक. यात खोटं एकही वाक्य नसतं. युनियनचा साक्षीदार सांगतो, साहेबांनी आईवरून शिवी दिली, आणि कॉलर धरल्याचं गिळतो. कंपनीचा साक्षीदार कॉलर सांगतो, शिवी गिळतो. ‘नरो वा कुंजरो वा’ आपण लहानपणापासून ऐकलंय. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवलं ते धर्मराजाच्या अशाच एका बोलण्यावर.

इथे नुसता नीतीचा प्रश्न नाही. शिक्षा किती, हे आधी काय घडलं त्यावर ठरतं. शिवीगाळीसाठी बडतर्फी जास्त झाली, असं सुप्रीम कोर्टाने १९८४ साली डेल्टन केबलच्या प्रकरणात म्हटलं. २००५ साली महिंद्र अँड महिंद्रच्या प्रकरणात, वरिष्ठाला घाणेरड्या शिव्या दिल्याबद्दल झालेली बडतर्फी त्याच कोर्टाने कायम केली. सौम्य करणारी परिस्थिती काही होती का, हा प्रश्न तिथे महत्त्वाचा ठरला. ती परिस्थिती कागदावर कोण आणणार? तिथे उभा असलेला माणूसच. तुम्ही गिळलेल्या एका वाक्याने ताकीद की बडतर्फी हे ठरू शकतं. आणि आपल्या माणसाची चूक तुम्ही स्वतः सांगितलीत, तर त्याच्या बाजूचं तुम्ही जे सांगता त्यावर विश्वास बसतो. मी समोरच्या बाजूने बसून हे अनेकदा पाहिलं. ज्या साक्षीदाराने आपल्या बाजूची चूक आधीच कबूल केली, त्याच्या उलटतपासणीत मला विचारण्यासारखं काही उरायचं नाही.

‘मी काही पाहिलं नाही’ याबद्दल थोडक्यात. खरंच पाहिलं नसेल तर याच्याइतकं प्रामाणिक उत्तर नाही, मी तेव्हा हेच द्यायला हवं होतं. पण पाहिलं असेल तर हे गप्प बसणं कोणाच्या तरी बाजूने जातंच. उत्तर प्रदेशातल्या एका पोलीस शिपायाची बडतर्फी १९९९ मध्ये रद्द झाली, कारण दारू पिऊन शिवीगाळ केल्याचा आरोप होता, पण तक्रारदाराला आणि या शिपायाला दवाखान्यात नेणाऱ्या सहकाऱ्याला चौकशीत तपासलंच नव्हतं. माहीत असलेला माणूस आला नाही की दोन्हीकडचं सत्य अधांतरी राहतं.

आता ते शेवटचं वाक्य. खरं सांगणाऱ्याला त्रास होतो का? होतो. बदली, नाइट शिफ्ट, ओव्हरटाइम बंद, हे मी पाहिलंय. मालकाविरुद्ध साक्ष दिली म्हणून कामावरून काढणं किंवा भेदभाव करणं ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा आहे. लैंगिक छळाच्या प्रकरणात साक्षीदाराची ओळख उघड करता येत नाही. पण कंत्राटावरच्या पोराला एक दिवस गेटवरून परत पाठवतात आणि कारण सांगत नाहीत, तिथे कायद्याचं पुस्तक लगेच कामाला येत नाही, हे मला कबूल आहे. अशा पोरावर मी कधी जबरदस्ती केली नाही. त्याला एवढंच सांगितलं : भीती वाटत असेल तर ‘मला साक्ष द्यायची नाही’ असं म्हण. ‘पाहिलं नाही’ म्हणू नकोस. पहिल्या वाक्यात तू फक्त स्वतःला बाजूला काढतोस. दुसऱ्या वाक्याने दुसऱ्याचा पुरावा बनतो.

आणि जबाब द्यायचाच असेल तर त्याच दिवशी लिहा, स्वतःच्या हाताने, एक प्रत जवळ ठेवा. पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं वेगवेगळं ठेवा. भाच्याने विचारलं, म्हणजे नेमकं कसं? तेव्हा वहीचं पान फाडून त्याला माझा जुना जबाब नव्याने लिहून दिला :

‘मी प्रेसच्या डायचे बोल्ट आवळत होतो. माझं तोंड प्रेसकडे होतं. मागे दोघांचा मोठा आवाज चालू होता, शब्द कळले नाहीत. पॅलेट पडल्याचा आवाज आला म्हणून मी वळलो, तेव्हा सुपरवायझर जमिनीवर पडलेले होते आणि मनगट धरून होते. ऑपरेटर दोन पावलांवर उभा होता. ते कसे पडले हे मी पाहिलेलं नाही.’